भरतीच्या आत परत येणारी क्वाड

सांगोल्याला आमच्या डाळिंबाच्या बागेत एक लाल क्वाड आहे आणि ती मी चालवते, याची गावाला आता सवय झाली आहे. पाहुणे मात्र अजून बिचकत विचारतात, "काकू, ही नेमकी काय गाडी?" तर आधी तेच सांगते. चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, क्लच हाताला, गिअर पायाला आणि मागच्या चाकांना चेन. ही स्पोर्ट क्वाड, म्हणजे माळावर उधळण्यासाठी बनवलेली, गोणी वाहण्यासाठी नव्हे. तिला रिव्हर्स गिअर नाही. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, त्यामुळे परगावी न्यायची तर पिकअपमध्ये चढवावी लागते. पण उन्हातान्हात, खड्ड्याखाचरांत तिने मला एकदाही वाटेत सोडलेलं नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी पुरतं सांगूनच थांबते.

"या घरात कौतुक दोघींचंच, एक नात आणि एक ती लाल गाडी," असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे माझे यजमान, निवृत्त शिक्षक. लग्नापासून मी त्यांना मास्तरच म्हणते.

याच मॉडेलच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी तिच्या वेगाचे गोडवे गातो, कुणी चेन सैल पडली म्हणून रडतो. माझ्या मताला तिथे वजन आहे, निदान मी तरी तसं समजते. समुद्रकाठच्या शिरगावच्या नयनाने तर माझ्याच शब्दावर एक वापरलेली क्वाड घेतली. नयना मासेमारांच्या घरातली. तिचा नवरा दामोदर स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. ओहोटीला होडी जिथे थांबते तिथून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायचं काम बायकांचं, टोपली डोक्यावर घेऊन, ओल्या वाळूतून. नयनाच्या मानेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी डोक्यावर काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा तिने क्वाडला मागे लोखंडी चौकट बसवली आणि त्यावरून मासळीचे क्रेट आणायला सुरुवात केली.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तिचा आवाजी निरोप आला. "ताई, मशीन वाळूत मधीच बंद पडते. आमचे मालक बोलतात, विकून टाक. विकली तं मी घरात बसले. तुमच्या शब्दावर घेतली, आता तुमीच येऊन बगा."

मला हे झोंबलं. माझ्या शब्दावर घेतलेली गाडी आणि बंद पडते? मास्तरांना म्हटलं, पिकअप काढा, आणि माझी क्वाडही चढवा. दोन्ही शेजारी उभ्या केल्याशिवाय फरक कळायचा कसा?

"आणि मिरवायचं तरी कसं?" मास्तर म्हणाले, पण दोर आवळायला आधी तेच गेले.

बोईसर

प्रवासाचं काही सांगत नाही, डांबर सगळीकडे सारखंच असतं. बोईसरला मात्र नाकाला आधी कळलं की आलो. कारखान्यांचा उग्र वास, टँकरच्या रांगा, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की चार घरांतून माना बाहेर येतात. इथे लाल क्वाड घेऊन आम्ही गर्दीत शिरलो तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि खरं सांगते, मला ते थोडं लागलं.

तिथेच कुंभवलीला केतनचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कारखान्यांना लागणारे पाइप, जिने, कठडे तो बनवतो. ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी याच्या, म्हणून शिरगावच्या आधी त्यालाच भेटायचं ठरवलं होतं. माणूस मात्र गोड निघाला. चाळिशीचा, तेलकट कपड्यातही टापटीप. त्याची क्वाड आतल्या बाजूला इतकी चकाचक उभी होती की हात लावायला संकोच वाटावा.

"काकी, पळण्यात हिचा हात कोणी नाय धरणार," तो म्हणाला. "पण भरवसा? उन्हात गरम होते, चेन खाते, पावसानंतर रुसते. शोभेला ठेवायची आणि रविवारी फिरवायची, एवढीच हिची लायकी."

वेल्डिंग करणारा त्याचा कारागीर चष्मा वर करून म्हणाला, "मैडम, ये गाड़ी नहीं है, नखरा है।" सगळे हसले. मी हसले नाही.

जेवायला त्याने घरी नेलं. त्याच्या आईने उकडहंडी केली होती. वालाच्या शेंगा, कंद, वांगी, सगळं ओल्या नारळाच्या वाटणात मडक्यात कोंडून शिजवलेलं. पाण्याचा थेंबही घालत नाही म्हणाल्या. मी आणलेली ज्वारीची कडक भाकरी त्यांनी हातात धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे भिजवून खायचं की तसंच?" मास्तरांनी कुडूम करून मोडून दाखवली, तेव्हा माउली दचकलीच.

जेवताना केतनने पोटातलं ओठांवर आणलं. नयनाची क्वाड विकत घ्यायला तोच तयार होता, सुट्या भागांसाठी. दामोदरशी त्याचं बोलणंही झालं होतं. उद्याच्या ओहोटीला गाडी पुन्हा बंद पडली, तर केतनच्या टेम्पोत चढवायची. तो टेम्पो घेऊन किनाऱ्यावर थांबणार होता.

"राग नका मानू काकी. खाऱ्या पाण्यात ती सडण्यापेक्षा माझ्याकडं तिचे भाग तरी कामाला येतील."

तो लबाड नव्हता, म्हणून तर मला जास्त काळजी वाटली.

शिरगाव

बोईसरचा धूर मागे पडला आणि वाटेवर केळी, नारळ, पानवेली लागल्या. शिरगावात किल्ल्याच्या भिंतीपुढून वळून नयनाच्या अंगणात गाडी घातली तर अंगण दिसेचना. बांबूंच्या चौकटींवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले, रांगाच रांगा. आमच्याकडे असे कपडे वाळत असतात. मास्तरांनी रुमाल नाकाला लावला आणि माझा डोळा चुकवून पुन्हा खिशात ठेवला.

नयना पंचेचाळिशीची, ठसठशीत, मान जरा ताठ धरून चालणारी. आमचं स्वागत तिने क्वाडच दाखवून केलं. मी वाकून पाहिलं आणि थक्क झाले. खारी हवा, खारं पाणी, रोजची वाळू, आणि सांगाड्याला गंजाचा एक ठिपका नाही! माझी गाडी कोरड्या सांगोल्यात राहून हिच्यापेक्षा जास्त गंजली आहे.

"काय लावतेस गं हिला?"

"माशाचं तेल," नयना ऐटीत म्हणाली. "होडीच्या लाकडाला लावतो ना आमी, तेच. चेनीला, खालून, सीटखाली, सगळीकडं. दर आठवड्याला."

वास कुठून येतोय ते तेव्हा कळलं. त्या वासाला भुलून आलेली तीन कुत्री गाडीभोवती बसली होती, आणि सीटवर एक मांजर. नयना म्हणाली, "मी निघाले का ही पण निघतात. वाळूत आमची वरातच असते."

मी तिचं इतकं कौतुक केलं की मास्तर खाकरले. ग्रुपवर कुणालाही न सुचलेली युक्ती होती ती. मग मी प्लग काढून पाहिला, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलची नळी तपासली, बॅटरीचे स्क्रू आवळले. सगळं ठणठणीत. बटण दाबलं की गाडी पहिल्या दमात चालू. अंगणात दहा चकरा मारल्या, एकदाही अडखळली नाही.

"घरात अशीच शानी असते," नयना म्हणाली. "वाळूत जाऊन बंद पडते. मग जरा वेळानं आपोआप चालू. मालक बोलतात, अशा मशीनीपेक्षा बिघडलेली बरी, ती निदान घरी तरी राहते."

तेवढ्यात दामोदर, म्हणजे दामूभाऊ, आले. बुटके, रुंद, उन्हाने रापलेले. त्यांनी माझ्या क्वाडला एक फेरी मारली.

"लई पळत असंल."

"पळते म्हणजे! आमच्या माळावर कुणाला सापडत नाही."

"हं," ते म्हणाले. "आमाला पळायचं नाय, ताई. ओहोटीला जायाचं न् भरतीच्या आत परत यायाचं. वाळूत मशीन बंद पडली न् पाणी आलं, तं मशीन गेली. न् ही बाई मशीन सोडून येयाची नाय, मला माहीत हाय ना. मशीनची मला भीती नाय."

हे त्यांनी नयनाकडे न बघता सांगितलं. ती एव्हाना चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसली होती. ग्रुपवर आम्ही वेग, उडी, आवाज यांवर पानंच्या पानं लिहितो. भरवशाचा असा अर्थ मात्र कुणी कधी लिहिलेला मी वाचला नव्हता.

जेवायला ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. काट्याच्या भीतीने मास्तर आयुष्यभर माशापासून लांब राहिलेले. "बोंबलाला काटा असून नसल्यागत," असं सांगून नयनाने त्यांच्या ताटात वाढलं, आणि मास्तरांनी नंतर स्वतःहून आणखी मागितलं. आमची कडक भाकरी दामूभाऊंनी सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर खाल्ली आणि उरलेल्या होडीवर न्यायला बांधून ठेवल्या. टिकते म्हणाले. भाकरीला तरी त्यांनी पास केलं!

ओहोटी

दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं, समुद्र म्हणजे पायाशी लाटा अशी आमची समजूत. इथे ओली, राखाडी वाळू पार लांबवर पसरलेली, आणि तिच्या टोकाला पाण्याची एक चमकती रेघ. त्या रेघेवर एक ठिपका दिसला आणि किनाऱ्यावरच्या बायका ओरडल्या, "आली गो आली!" दामूभाऊंची होडी होती. होडी दिसली की असंच ओरडायचं, मग टोपल्या उचलायच्या.

केतन टेम्पो घेऊन आलेला होताच. त्याने मला नमस्कार केला आणि टेम्पोची मागची फळी खाली पाडून ठेवली. मास्तरांना मी चपला सांभाळायला दिल्या.

"माझ्या चाकाच्या मागं मागं या," नयनाने सांगितलं. "कडक वाटते ती सगळीच वाळू कडक नसते."

जाताना मी शहाण्यासारखी तिच्या मागून गेले. दोन्ही क्वाड सुरेख चालल्या, मागे कुत्र्यांची वरात. होडीपाशी खलाशांनी आमच्या गाड्यांवर क्रेट चढवले, बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी. माझ्या गाडीला चौकट नव्हती, म्हणून एकच क्रेट सीटमागे बांधला. गुडघाभर पाण्यात उभे राहून दामूभाऊ बघत होते. पाणी आता वळलं होतं, भरती लागली होती.

परतताना माझ्या अंगात आलं. समोर सपाट वाळू, मुठीत वेग, किनाऱ्यावर बघणारी माणसं, आणि केतन. म्हटलं, बघू दे त्याला ही गाडी काय चीज आहे ते. मी नयनाची वाट सोडली, बाजूने काढली, गिअर बदलला, आणि लाल क्वाड नाकाडापर्यंत चिखलात बसली. वरून वाळू, खाली लोणी. रिव्हर्स नाही. जितकी मूठ पिळली तितकी ती खाली गेली.

नयना वळली आणि माझ्याकडे यायला निघाली. वाटेत पाण्याची एक पन्हळ होती, तिच्यातून गाडी घातली, पाणी सीटखाली उडालं, आणि तिचं इंजिन मिटलं. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही.

मागे वळून पाहिलं तर ती चमकती रेघ जवळ आली होती. लाटांचा गाजावाजा नाही, पाणी गुपचूप पन्हळींमधून पुढे सरकत होतं. खरं सांगते, मी घाबरले. माझी गाडी बुडेल याला नाही. आपल्यापायी हिची गाडी गेली, या विचाराला.

दामूभाऊ दोन खलाशांना घेऊन धावत आले. "दोन दोन मशीनी बुडवायच्या हायत काय?" म्हणून त्यांनी आधी क्रेट उतरवायला लावले. नयनाने एक क्रेट उचलून डोक्याशी नेला तसे ते असे ओरडले की खलाशीही दचकले.

"मान! मान विसरली काय गो तू?"

"मग मशीन सोडू?" ती तितक्याच जोरात म्हणाली. "हिच्यामुळं मी कामावर हाय. ही गेली का मी चुलीपुढं. नाय सोडणार."

तेवढ्यात कुत्र्याच्या चघळण्याचा आवाज आला. त्या वरातीतलं तांबडं कुत्रं नयनाच्या गाडीच्या सीटखाली मुंडकं घालून काहीतरी चावत होतं. नयनाने ओल्या वाळूचा गोळा फेकून त्याला हाकललं आणि चिडून खाली वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"ताई, इकडं या. वायर बगा."

मी चिखलातून पाय उपसत गेले. तेलाने तुळतुळीत झालेल्या एका वायरचं वेष्टन दातांनी सोलून निघालं होतं. आतली तांब्याची तार उघडी, वरून खारं पाणी निथळत होतं. कुत्र्याचं हे एकट्या आजचं काम नव्हतं, दातांच्या खुणा जुन्या होत्या, नव्या होत्या, मांजराच्याही असतील. ती वायर इंजिन बंद करायच्या बटणाची. तिचा सांगाड्याला स्पर्श झाला की इंजिन थांबतं, आणि खारं पाणी दोघांना जोडून देत होतं. अंगणात कोरडी म्हणून गाडी शहाणी, वाळूत भिजली की बंद, वाळली की पुन्हा चालू. लोखंडाला गंजापासून वाचवणारं तेल कुत्र्यामांजरांना ताट वाढून देत होतं. आदल्या दिवशी मी याच तेलाची आरती ओवाळली होती, आणि त्याच्या चकाकीपुढे वायर बघितलीच नव्हती.

मी डोक्याचा स्कार्फ सोडला. नयनाने त्याने वायर कोरडी केली, पुन्हा पुन्हा पुसली. क्रेटमधली बर्फाची प्लास्टिकची पिशवी फाडून मी तिच्यावर गुंडाळली. बांधायला काही सापडेना. तेवढ्यात दामूभाऊंनी मला बाजूला सारलं, कमरेला खोचलेलं जाळं विणायचं सूत काढलं आणि त्या पिशवीवर असे आवळून वेढे दिले की पाणी सोडा, हवा जायची नाही. गाठ मारून ते नयनाला म्हणाले, "बग आता."

तिने बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

पाणी पायाशी आलं होतं. दामूभाऊंनी होडीचा दोर माझ्या क्वाडला बांधला, दुसरं टोक नयनाच्या. ओझी वाहायला न बनवलेल्या त्या गाडीने मागची चाकं रोवली, चेन कुरकुरली, आम्ही चौघांनी मागून रेटा दिला, आणि माझी लाडकी लाल गाडी पचकन बाहेर आली. मग त्याच पन्हळीतून, त्याच पाण्यातून नयना पुन्हा गेली, क्रेट लादून, मी पुन्हा रुतू नये म्हणून मला दोरानेच ओढत. इंजिनने एक ठोकासुद्धा चुकवला नाही.

किनाऱ्यावर मी दोराला बांधलेली पोहोचले. मास्तर चपला घेऊन उभे होते. पुढे होऊन त्यांनी त्या माझ्या पायाशी ठेवल्या. बायका हसत होत्या, आणि मीही हसत होते, कारण माझ्यापुढे नयना ताठ मानेने बसली होती आणि तिच्याइतकी ऐट मी कुठल्याही शर्यतीतल्या गाडीवर पाहिलेली नाही. ती थेट लिलावाच्या जागी गेली. तिचे क्रेट सगळ्यांच्या आधी मांडले गेले.

दामूभाऊ केतनपाशी गेले आणि त्यांनी टेम्पोची फळी स्वतः वर उचलून लावली. "आज रिकामाच ने रे."

केतनने मान हलवली. तो तिथून गेला मात्र नाही. गाडीखाली आडवा झाला, ती वायर बघितली, सुताच्या गाठीवर बोट फिरवलं. दुपारी वर्कशॉपमधून कडक प्लास्टिकची नळी आणून सगळ्या वायरी त्याने त्यात ओवून दिल्या. तेल लावायचं तेवढं खुशाल लावा म्हणाला. जाताना त्याने माझ्याकडे माशाच्या तेलाची चौकशी हळूच केली, मी त्याला नयनाकडे पाठवलं.

निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "दामूभाऊ, माझी गाडी कशी वाटली?"

"चांगली हाय ना," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून समजूत घालावी तसं म्हणाले, "सुक्यावरची हाय."

परत सांगोला

आल्यावर मास्तरांनी लाल गाडीचा चिखल धुतला, मी ग्रुपवर मत लिहिलं. वेगात माझी गाडी कुणाला ऐकत नाही, हे लिहिलंच. भरवशासाठी शिरगावला जाऊन यावं, असंही लिहिलं. केतनने त्याखाली अंगठा दाखवला, वर केलेला.

परवा नयनाचा आवाजी निरोप आला. दामूभाऊंची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर काढली आहे, नयना मात्र दुसऱ्यांची मासळी आणायला रोज वाळूत जाते, एवढं मला माहीत होतं. या निरोपात ती बोललीच नव्हती. फोन किनाऱ्यावर कुणाच्या तरी हातात होता. आधी नुसता वारा. मग लांबून इंजिनचा आवाज, बारीक, मग मोठा, आणि मागे कुत्र्यांचा कालवा. मास्तर नातीला शिकवत होते, तेही थांबले. आणि फोनच्या अगदी जवळून दामूभाऊ बायकांच्या आधी ओरडले,

"आली गो आली!"